उपग्रहाच्या चित्रात पाड्याची जमीन

काही महिन्यांपूर्वी, रविवारची उपासना संपल्यावर, डोंबिवलीच्या एका ताईंनी मला बाजूला घेतले. या ताई आपल्या कामासाठी अनेक वर्षे नेमाने वर्गणी देतात. म्हणाल्या, "बाई, रागावू नका, पण एक विचारू? कल्याणच्या पुढं आता पाडे उरलेत तरी कुठं? परवा लेकीकडे बदलापूरला गेले होते. दोन्ही बाजूंना नुसत्या बिल्डिंगा. मग आपण आदिवासींसाठी म्हणून देतो ते नक्की जातं कुठं?"

प्रश्न रास्त होता, आणि देणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. मी आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर आपल्या प्रकल्पासाठी नकाशे करते. म्हणून ताईंना म्हटले, तोंडी उत्तर देण्यापेक्षा चित्र दाखवते. त्या दिवशी त्यांना जे दाखवले, आणि त्याच चित्रांनी मला एकदा कसे फसवले, ते या अंकात सर्वांसाठी लिहीत आहे. लेखाच्या शेवटी तरुण संघाला आणि महिला मंडळाला करण्यासारखा छोटा अभ्यासही दिला आहे.

उपग्रह काय पाहतो?

जमिनीची पाहणी करणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये आकाशात गेला. भारताचा आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये गेला. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ पासून काम करत आहेत. लँडसॅट आणि सेंटिनेलची चित्रे आज कोणालाही फुकट मिळतात.

हे चित्र म्हणजे लहान लहान चौकोनांची गोधडी असते. लँडसॅटचा नेहमीचा चौकोन ३० मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा. सेंटिनेल-२ चा सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. प्रत्येक चौकोनाला एकच रंग मिळतो. त्या चौकोनात अर्धे शेत आणि अर्धे झाड असेल, तर दोन्ही मिळून एकच रंग. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे मोठे काम आहे.

उपग्रहाला आपल्या डोळ्यांपेक्षा थोडे जास्त दिसते. हिरवे, निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठवते. या दोन आकड्यांची वजाबाकी करायची आणि तिला त्यांच्याच बेरजेने भागायचे. जे उत्तर येते त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. अभ्यासकांच्या भाषेत एनडीव्हीआय. समजा एका चौकोनाने अवरक्त किरण ५० टक्के आणि लाल प्रकाश ८ टक्के परत पाठवला. ५० वजा ८ म्हणजे ४२, भागिले ५८. उत्तर ०.७२, म्हणजे दाट हिरवळ. उघड्या मातीचे आकडे ३० आणि २० असतील तर उत्तर ०.२. पाण्याचे उत्तर बहुधा शून्याच्या खाली जाते. एवढे गणित सातवीतल्या मुलालाही जमते.

आपल्याकडे एक अडचण आहे. जून ते सप्टेंबर ठाण्यावर ढग असतात आणि ही चित्रे पांढरी येतात. रडारचे उपग्रह ढगांतून पाहू शकतात, भारताचा २०१२ सालचा रिसॅट-१ त्यांतलाच. पण त्यांची चित्रे वाचायला वेगळे शिक्षण लागते. म्हणून आपण पावसाळा संपल्यानंतरचे नोव्हेंबरचे आणि कोरड्या मार्चचे चित्र घेतो. तुलना नेहमी त्याच महिन्याशी करायची. सागाचे चांगले जंगलसुद्धा मार्चमध्ये पाने गाळून तपकिरी दिसते. नोव्हेंबरशेजारी मार्च ठेवला, तर जंगल तुटले असा खोटा निष्कर्ष निघेल.

कल्याण-डोंबिवलीची चाळीस वर्षे

बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५४ साली रुळ कल्याणला पोहोचले. शहराने या रुळाचा हात धरूनच वाढ केली. ऐंशीच्या दशकातल्या चित्रात डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ ही रुळाच्या दोरीत ओवलेल्या मण्यांसारखी वेगवेगळी दिसतात. मध्ये खाचरे, खाडीकाठी तिवरांचा पट्टा. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती, आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांसह देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. आजच्या चित्रात मणी उरलेले नाहीत. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत आणि दुसऱ्या फाट्याने टिटवाळ्यापर्यंत करड्या रंगाचा जवळजवळ सलग पट्टा आहे. ताईंनी गाडीतून पाहिला तो हाच.

रात्रीचीही चित्रे असतात. रात्रीच्या उजेडाच्या संगणकीय नोंदी १९९२ पासून मिळतात. २०१२ पासून त्या जास्त बारीक झाल्या. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले, की ज्या देशांत उत्पन्नाचे आकडे भरवशाचे नाहीत तिथे रात्रीच्या उजेडातली वाढ पाहून आर्थिक वाढीचा अंदाज बांधता येतो. दुकाने, कारखाने, रस्ते, घरे, सगळ्यांना दिवे लागतात.

आपल्या जिल्ह्याचे रात्रीचे चित्र पाहिले तर मुंबई-ठाणे-कल्याण हा लखलखाट. भिवंडीच्या गोदामांचा उजेड महामार्गाने पुढे सरकत गेलेला. मुरबाड आणि शहापूरच्या दिशेने दिवे विरळ होतात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी अंधार. पाडे तिथे आहेत.

पण हा उजेड नीट वाचला पाहिजे. या चित्रातला एक चौकोन साधारण अर्ध्या किलोमीटरचा असतो. गोदामाच्या कुंपणावरचे मोठे दिवे त्याला उजळून टाकतात. त्याच कुंपणाला टेकून कातकऱ्यांची वस्ती असेल आणि तिथे विजेचे मीटरच नसेल, तरी नकाशावर ती वस्ती 'विकसित' चौकोनात मोजली जाते. उलट, डोंगरातल्या पाड्यावर घरोघरी सौर दिवा लागला आणि मुले रात्री अभ्यासाला बसू लागली, तर उपग्रहाला त्यातले काहीही दिसत नाही. म्हणून ताईंना म्हटले, पाडे दोन ठिकाणी शोधायचे. एक अंधारात, आणि दुसरे लखलखाटाच्या पोटात.

जमीन कशी झिजते?

अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्राने उपग्रहांच्या चित्रांवरून देशातल्या खराब होत चाललेल्या जमिनीचे नकाशे तयार केले आहेत. त्यानुसार २००३-०५ मध्ये ९ कोटी ४५ लाख हेक्टर जमिनीचा कस उतरलेला होता. २०१८-१९ मध्ये हा आकडा ९ कोटी ७८ लाखांवर गेला. देशाच्या एकूण क्षेत्राचा हा जवळजवळ तीस टक्के भाग. कारणांत पहिला क्रमांक पाण्याने होणाऱ्या धुपीचा, दुसरा झाडझाडोरा विरळ होण्याचा. अशी जमीन सर्वाधिक असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे.

ठाण्यात पाऊस भरपूर, म्हणून आपल्याला वाटते की हा प्रश्न मराठवाड्याचा. पण उतारावर जोराचा पाऊस पडला आणि झाडांचा आधार नसला, की मातीच आधी वाहून जाते. शिवाय आपल्या जिल्ह्यात माती विकलीही जाते. विटांसाठी खाचरातली वरची पोयट्याची माती काढतात. ढोबळ हिशोब करून पाहा. एक एकर खाचर एक फूट खोल काढले तर सुमारे १,२३० घनमीटर माती निघते. एका विटेला अंदाजे दोन लिटर माती धरली, तर त्यातून सहा लाख विटा होतात. शेतकऱ्याला भाताच्या कित्येक हंगामांचे पैसे एकदम हातात मिळतात. पण तो थर पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

उपग्रहाच्या चित्रात हे खड्डे ओळखू येतात. पावसाळ्यानंतर शेजारची खाचरे पिवळी-हिरवी असताना हे तुकडे पाण्याने काळे दिसतात आणि निर्देशांक शून्याखाली जातो. डिसेंबरपासून जवळच भट्टीचा लालसर-काळा डाग उमटतो. दिवाळीनंतर उचल घेऊन त्या भट्टीवर राहायला जातात ती बहुतेक कातकरी कुटुंबे. मुलेही सोबत जातात आणि शाळा सुटते. केंद्र सरकारने विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी ही एक. शहराचा करडा पट्टा आणि हा काळा डाग वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. आपण ज्या भिंतींत राहतो, त्यांत कुणाच्या तरी खाचराची माती आणि कुणाच्या तरी मुलाची शाळा आहे.

तलावांचेही तसेच. शहापूर तालुक्यातले १८९२ सालचे तानसा आणि नंतरचे भातसा ही धरणे चित्रात ठळक निळी दिसतात. त्यांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी कुठे आहे ते चित्र सांगते. ते कोणाच्या हंड्यात पडते ते सांगत नाही.

आमची चूक

आता माझी गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकर पाड्यावर झाडे लावायचे आम्ही ठरवले होते. पाड्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या जमिनीचे दावे अजून निकालात निघालेले नाहीत. मी दहा वर्षांची मार्चची चित्रे काढली, निर्देशांक मोजले आणि पाड्यामागच्या उतरणीवर तांबडा रंग भरला. अर्थ, जमीन निकृष्ट. शेजारच्या ओहोळाकाठी हिरवा रंग आला. अर्थ, जमीन ठीक. रोपांसाठी किती खड्डे लागतील तेही लिहून झाले. देणगीदारही मिळाले होते.

नकाशा घेऊन पाड्यावर गेलो. मंडळी अंगणात जमली. एका आजोबांनी कागद हातात घेतला, आधी उलटा, मग सुलटा धरला आणि विचारले, "बाई, हा फोटू कंच्या महिन्याचा?"

मी म्हटले, "मार्चचा."

"शिमग्याला डोंगर उघडाच असतो. पावसानंतरचा फोटू न्हाई?"

नव्हता. मी शिकवताना विद्यार्थ्यांना जे बजावत आले, तेच मी अर्धे केले होते. महिना सारखा ठेवला, पण हंगाम एकच पाहिला. आजोबा उठले आणि आम्हाला उतरणीवर घेऊन गेले. ती त्यांची वरकस जमीन होती. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग काही वर्षे जमीन पडीक. विश्रांतीच्या वर्षांत तिथे गवत वाढते. ते कापून पाडा आपली गुरे पोसतो आणि थोडे विकतो. मी जिला निकृष्ट म्हणून रंगवले, ती विश्रांती घेणारी जमीन होती. तिथे आम्ही झाडे लावली असती, तर त्यांची नाचणी आणि गवत दोन्ही गेले असते, आणि पुढच्या अंकात आम्ही हिरव्या झालेल्या डोंगराचा फोटो छापला असता.

मग बायकांनी आम्हाला ओहोळाकाठी नेले. माझा हिरवा पट्टा. तिथे घाणेरीची जाळी माजली होती. गुरे तिला तोंड लावत नाहीत, खाली गवत उगवू देत नाही, आणि ओहोळाचा काठ दरवर्षी ढासळतो आहे. चित्रात मात्र ते सगळे हिरवे. खरी बिघडलेली जमीन ती होती.

घरी परतताना मला नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आठवली, १ राजे, अध्याय २१. अहाब राजाला आपल्या वाड्याजवळचा मळा सोयीचा तुकडा म्हणून दिसला. नाबोथासाठी ते वाडवडिलांचे वतन होते. वतन दुरून दिसत नाही. आमचा हेतू अहाबासारखा नव्हता, पण त्या दिवशी आमची नजर तशीच होती.

पुन्हा एकदा, सोबत बसून

दुसऱ्या वेळी आम्ही नकाशा कोरा नेला. बायकांनी अंगणात राखेने ओहोळ काढला, दगड ठेवून घरे दाखवली, काड्यांनी वरकसाचे तुकडे पाडले. मग तरुण मुलांनी मोबाइलवर जागेची नोंद घेत प्रत्येक तुकड्याच्या कडेने फेरी मारली. त्यानंतर आम्ही जुनी चित्रे उघडली. वर्ष आजोबांनी सांगायचे, चित्र आम्ही काढायचे. त्यांची वर्षे कॅलेंडरची नसतात. ते म्हणाले, "सव्वीस जुलैचा पूर आला, त्या वर्षी वरच्या अंगाला नाचणी होती." २००५ च्या नोव्हेंबरचे चित्र काढले. वरच्या अंगाला कापणी झालेल्या जमिनीचा फिकट पट्टा आणि खालच्या अंगाला हिरवे गवत. पुढच्या वर्षांत तो पट्टा सरकत गेलेला.

हे वर्ष महत्त्वाचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, जेवढी तो कसत असेल तेवढ्या, जास्तीत जास्त चार हेक्टर जमिनीवर हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे. पुरावे एकाहून अधिक लागतात. त्यांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात, जमिनीवरचे बांध चालतात, उपग्रहाचे चित्रही चालते.

इथेच त्या चौकोनांची आठवण करा. २००५ साली दहा मीटरचा सेंटिनेल नव्हताच. फुकट मिळणाऱ्या लँडसॅटच्या चित्रात तीस गुंठ्यांचा तुकडा म्हणजे तीन-चार चौकोन, तेही कडेच्या झाडांत मिसळलेले. कोणी म्हणाले, "चित्रात शेत दिसत नाही, म्हणजे शेत नव्हते," तर गरिबाची जमीन एका रंगाच्या चुकीने जाते. गुजरातमध्ये अशा चित्रांच्या आधारे दावे फेटाळले गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने केवळ उपग्रहाच्या चित्रावर विसंबून दावा फेटाळणे अमान्य केले. त्याआधी २०१२ मध्येच नियमांत दुरुस्ती होऊन स्पष्ट झाले होते, की उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून घ्यावे, त्यांची जागा त्याने घेऊ नये.

आमच्या पाड्यावर एकेका कुटुंबाचा तुकडा चित्रात ओळखता येत नाही. पण सगळ्यांची मिळून उतरण मोठी आहे, आणि तिच्यावर सरकत जाणारा पट्टा स्पष्ट दिसतो. आजोबांच्या जबाबाला त्याने बळ मिळाले. दावे ग्रामसभेने मंजूर करून पुढे पाठवले आहेत. निकाल अजून यायचा आहे.

झाडांसाठी आलेल्या देणगीचे काय झाले, हे देणगीदारांना कळवले आहेच. त्यांच्या संमतीने ती रक्कम घाणेरी उपटायला, ओहोळाचा काठ दगडांनी बांधायला आणि वरकसावर बांध घालायला वापरली. मजुरी पाड्यातल्याच लोकांना मिळाली. त्या मोसमात तीन कुटुंबे भट्टीवर गेली नाहीत. उपग्रहाच्या चित्रात यातले काही अजून दिसत नाही.

तुमच्यासाठी अभ्यास

एका शनिवारी दोन तास पुरतात. संगणक किंवा मोठा मोबाइल हवा.

१. इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर किंवा गूगल अर्थवर आपली इमारत शोधा. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रे पाहता येतात. आपल्या इमारतीच्या जागी पूर्वी काय होते ते लिहून ठेवा.

२. तिथून मुरबाड किंवा शहापूरच्या दिशेने सरका. करडा रंग कुठे संपतो? त्यानंतरची पहिली लहान वस्ती कोणती?

३. वीटभट्टी, दगडखाण किंवा पाण्याने भरलेला खड्डा यांपैकी एक शोधा. त्याच जागेची दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रे ताडून पाहा. महिना एकच ठेवा.

४. आता एकमेकांना विचारा: या चित्रात काय दिसले नाही? ते कोणाला विचारावे लागेल?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे आम्हाला कळवा. पावसाळा संपला की नोव्हेंबरात आपण त्या पाड्यावर जाणार आहोत. ज्यांना उतरण चढवते त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे. येताना डबा आणू नका. तिथे नाचणीची भाकरी मिळेल, आणि ती कोणत्या उतरणीवरची आहे, ते आजोबा दाखवतील.

डोंबिवलीच्या ताईंनी पहिले नाव दिले आहे.